आधी झुरळ ओळखा, मग औषध आणा

"मॅडम, झुरळांवर कुठलं औषध चांगलं?" हा प्रश्न मला जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, इतकंच काय लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. ज्युनिअर कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवल्याची ही पेन्शन. मी उलट विचारते, "लहान झुरळ की मोठं?" त्यावर बहुतेक जण बुचकळ्यात पडतात, कारण लहान झुरळ म्हणजे मोठ्याचं पिल्लू असाच सगळ्यांचा समज असतो. तसं नाही. आपल्याकडच्या शहरी घरांत मुख्यतः दोन वेगळ्या जातींची झुरळं असतात. त्यांची राहायची जागा वेगळी, यायची वाट वेगळी, आणि एकीचा इलाज दुसरीला चालत नाही. डोंबिवलीतल्या आमच्या चार मजली इमारतीत दोन्ही जाती गुण्यागोविंदाने नांदलेल्या आहेत, म्हणून सांगते.

मोठं झुरळ साडेतीन-चार सेंटिमीटरचं, तांबूस तपकिरी, मानेवरच्या ढालीला पिवळसर कड. हे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. अकरावीच्या पुस्तकातलं, तेरा कप्प्यांच्या हृदयाचं, ते हेच. आमच्या प्रयोगशाळेचे मामा प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री गटाराच्या चेंबरचं झाकण उचलून ही पकडून आणायचे, त्यावरूनच त्याचा पत्ता कळावा. लहान झुरळ जेमतेम दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, ढालीवर दोन उभ्या काळ्या रेघा. हे ब्लाटेला जर्मानिका. ओळखायची खूण सोपी आहे: पिल्लांना पंख नसतात. दीड सेंटिमीटरच्या झुरळाला पाठभर पंख दिसले तर ते पूर्ण वाढलेलं आहे, आणखी मोठं होणार नाही. पंख असून ते उडत मात्र नाही. उन्हाळ्याच्या रात्री ट्यूबलाइटवर झेपावून घरभर किंचाळ्या उठवतं ते मोठं.

कधी एखादं पांढरंशुभ्र झुरळ दिसतं आणि घरात नवीनच संकट आल्यासारखं होतं. ते नुकतंच कात टाकलेलं असतं. काही तासांत पुन्हा तपकिरी होतं.

आता आधी लहान झुरळ, कारण खरा त्रास त्याचाच.

हे झुरळ जंगलात, बागेत कुठेही रानटी अवस्थेत सापडत नाही. ते माणसाच्या घराशिवाय जगत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि व्यापाराच्या मालाबरोबर जगभर पसरलं. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने त्याला जर्मानिका हे नाव दिलं १७६७ मध्ये, म्हणजे फार उशिरा. हे सांगायचं कारण असं की ते आजही मालाबरोबरच येतं. किराण्याची पुठ्ठ्याची खोकी, सेकंडहँड फ्रिज, दुरुस्तीहून परत आलेला मिक्सर, मूव्हर्सवाल्यांचे फिरते बॉक्स. खोकी घरात साठवू नका. सामान काढा आणि खोकं त्याच दिवशी रद्दीत द्या.

त्याची मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला धरून हिंडते. एका डबीत ३० ते ४० अंडी. पिल्लं बाहेर पडायच्या जेमतेम एक दिवस आधी ती डबी सोडते, आणि तोवर बहुतेक वेळ फटीत दबून बसते. अशा डब्या ती आयुष्यात चार ते आठ घालते. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून पूर्ण झुरळ व्हायला दोन-तीन महिने पुरतात. गुणाकार तुम्हीच करा. ओट्यावर दिवसाढवळ्या झुरळ फिरताना दिसलं तर समजावं की आतल्या फटी भरल्या आहेत आणि ह्याला जागा उरलेली नाही.

म्हणून स्प्रेवर माझा राग आहे. फवारा मारला की पाच-सहा उलटी पडतात आणि आपल्याला जिंकल्यासारखं वाटतं. पण बाजारातले बहुतेक स्प्रे पायरेथ्रॉइड ह्या कीटकनाशकांच्या गटातले असतात. एक तर ह्या झुरळांत त्या गटाला दाद न देणाऱ्या फौजा जगभर तयार झाल्या आहेत. दुसरं म्हणजे त्या वासाने उरलेली झुरळं आणखी आत सरकतात किंवा पाइपच्या भोकातून शेजारच्या घरात जातात. आणि डबीतल्या अंड्यांपर्यंत तर औषध पोचतच नाही. तीन आठवड्यांनी नवी पिल्लं हजर.

त्याऐवजी पहिलं काम शोधाचं. रात्री स्वयंपाकघरातले दिवे मालवा, तास-दोन तास तिकडे फिरकू नका. मग टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून आत जा. झुरळाच्या डोळ्यांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे ती पळत नाहीत आणि कुठून येतात, कुठे जातात ते निवांत पाहता येतं. घाण वाटते, मान्य आहे. पण ही एक रात्र पुढचे पैसे वाचवते. बरोबर कागद-पेन्सिल ठेवा आणि जागा लिहून काढा.

आमच्याकडच्या घरांत सापडणाऱ्या जागा साधारण अशा: ट्रॉलीच्या बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या पट्ट्या, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथली फट, फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरपाशी, वॉटर प्युरिफायरच्या पाठीशी, मिक्सरच्या बुडाखाली, गॅसच्या नळीसाठी ओट्याला पाडलेलं भोक, कडाप्पा आणि भिंत ह्यांचा सांधा. आणि एक जागा कुणी तपासत नाही ती म्हणजे स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याची मागची बाजू. प्रसादाचे कण, तुपाचे थेंब, वातीची ऊब. तिथे हमखास वस्ती असते. मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले की ती विष्ठा. तिच्यात गंधाची अशी द्रव्यं असतात की इतर झुरळं त्याच जागी गोळा होतात, त्यामुळे ते ठिपके साबणाच्या पाण्याने पुसणं हाही इलाजाचाच भाग. फट किती बारीक आहे हे बघून जागा सोडून देऊ नका. मिलिमीटरभर फटीत पिल्लू बसतं.

मग पाणी. लोक अन्न झाकतात आणि पाणी विसरतात. ह्या झुरळाला पाणी मिळालं तर ते उपाशी महिनाभर काढू शकतं, पण पाणीच नसेल तर साधारण दोन आठवड्यांत मरतं. अन्न तर त्याला काहीही चालतं: पुस्तकाच्या बांधणीची खळ, साबण, गळलेले केस. त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू साठवलेल्या युरिक आम्लातून नायट्रोजन पुन्हा वापरायला देतात, म्हणून निकृष्ट अन्नावरही त्याचं भागतं. तेव्हा गळका नळ आधी दुरुस्त करा. झोपण्यापूर्वी सिंक कोरडं पुसा. ओट्याचं ओलं फडकं पिळून गॅलरीत वाळत घाला. भांडी निथळायच्या जाळीखालचा ट्रे आणि फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा. भांडीवाल्या ताई सकाळी येतात म्हणून रात्रभर खरकटी भांडी पडलेली असतात, ती निदान खरकटं काढून, विसळून ठेवा. कचऱ्याच्या डब्याला झाकण हवं.

हे दोन-तीन दिवस पाळलं की मग जेल, म्हणजे विष मिसळलेलं मऊ आमिष. आधी नाही. भरल्या ताटावरून उठून झुरळ तुमचं जेल खायला कशाला येईल?

जेल इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीत मिळतं. इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के किंवा फिप्रोनिल ०.०५ टक्के असं लेबलवर लिहिलेलं असतं. नोंदणी क्रमांक असलेलंच पाकीट घ्या. मोठे लपके देऊ नका. मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, पण पुष्कळ, आणि तुम्ही लिहून काढलेल्या जागीच. बिजागरीच्या आतल्या अंगाला, ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यात, पाइपच्या फटीच्या काठाला. जिथे पाणी लागतं, जिथे रोज पुसलं जातं किंवा शेगडीची धग पोचते तिथे जेल वाया जातं. जेल लावल्यावर त्या भागात स्प्रे, फिनेल, डांबरगोळी काहीही नको. वास आला की झुरळ जेलला तोंड लावत नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याने जेल लावलं आणि संध्याकाळी घरच्यांनी हौसेने वरून स्प्रे मारला, हे आमच्याच इमारतीत झालेलं आहे.

जेलची खरी कमाल त्याच्या संथपणात आहे. खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही. ते फटीत परत जातं, तिथे मरतं. बाहेर कधीच न पडणारी लहान पिल्लं मोठ्यांची विष्ठा खातात, मेलेलं झुरळ खातात, आणि विष त्यांच्यापर्यंत पोचतं. स्प्रेला जे जमत नाही ते इथे झुरळंच करून देतात. तीन-चार दिवसांनी पाहा. जिथला ठिपका चाटून साफ झालाय तिथे नवा द्या, जिथला वाळलाय तो खरवडून दुसरीकडे द्या. अंड्यांवर जेल चालत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा एक फेरी लागतेच, आणि मग महिन्याने आणखी एक. पहिल्या आठवड्यात मरणारी झुरळं पाहून मोहीम थांबवायची नाही.

झुरळं फिरतायत पण जेल जसंच्या तसं पडून आहे, असंही होतं. ह्यामागे एक मजेदार गोष्ट आहे. अमेरिकेत गोड आमिषं सर्रास वापरली गेल्यावर काही झुरळं ती टाळू लागली. ज्यूल्स सिल्व्हरमन ह्या संशोधकाने १९९३ मध्ये दाखवलं की त्यांचा ग्लुकोजचा तिटकारा आनुवंशिक आहे. २०१३ मध्ये त्याचं कारण कळलं: ह्या झुरळांना ग्लुकोज कडू लागतं. तुमच्या घरची तशीच आहेत असं मी म्हणत नाही, पण जेल कुणी शिवत नसेल तर दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या औषधाचं आणा. एकच नळी वर्षानुवर्षं वापरू नका.

जेलच्या जोडीला बोरिक पावडर. केमिस्टकडे स्वस्तात मिळते. आमच्या आईच्या पिढीत कणीक, साखर, थोडं दूध आणि बोरिक पावडर मळून गोळ्या करून कोपऱ्यात ठेवायच्या. ते खोटं नव्हतं, चालतं. पण त्याहून चांगला वापर म्हणजे ट्रॉलीच्या खालच्या पोकळीत, फ्रिजखाली, जिथे हात आणि पाणी पोचत नाही तिथे तिचा अगदी पातळ थर द्यायचा. इतका पातळ की जेमतेम दिसेल. ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं. पातळ थरावरून चाललं की पावडर पायांना, मिशांना चिकटते, ते अंग चाटून साफ करतं आणि ती पोटात जाते. मरायला आठवडाभर लागतो. ओली झाली की ती कामातून गेली. रांगतं मूल किंवा पाळीव प्राणी घरात असेल तर ही उघड्यावर नको, आणि धान्याच्या फडताळात कधीच नको.

आता मोठं झुरळ. ह्याच्यासाठी स्वयंपाकघरात जेल लावत बसू नका. ते तुमच्या घरी राहत नाही, येऊन जातं. राहतं ड्रेनेजच्या पाइपात, चेंबरमध्ये, डक्टमध्ये. पहिल्या मोठ्या पावसात चेंबर तुंबतात आणि ही मंडळी वर चढतात, म्हणून जूनमध्ये बाथरूममध्ये ती अचानक वाढलेली वाटतात.

त्यांची वाट म्हणजे नहाणी ट्रॅप. मोरीच्या जाळीखाली वाटीसारखा भाग असतो, त्यात पाणी साचून राहतं आणि तेच पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. जे बाथरूम वापरात नाही तिथलं हे पाणी उन्हाळ्यात आटतं आणि दार उघडं पडतं. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. गावाला जाणार असाल तर वरून चमचाभर खाण्याचं तेल सोडा, पाणी उशिरा आटतं. ट्रॅपमधली वाटी प्लंबरने साफ करताना काढून ठेवली आणि परत बसवलीच नाही, असं अनेक घरांत आढळतं. जाळी उचलून बघा. वरून झुरळं अडवणारी स्टीलची जाळी बसवून घ्या.

दुसरी वाट वॉश बेसिनच्या आणि वॉशिंग मशीनच्या पाइपची. हे पाइप जमिनीतल्या भोकात नुसते सोडलेले असतात, भोवती बोटभर फट. त्यात रबरी रिंग बसवा किंवा एम-सील, व्हाइट सिमेंट भरा. फट अर्धवट बुजवू नका. ह्या झुरळाचं अंग इतकं दबतं की तीन मिलिमीटरच्या फटीतूनही ते आत येतं, हे प्रयोगाने मोजलेलं आहे. ड्रेनेजमध्ये उकळतं पाणी ओतण्याचा सल्ला लोक देतात. ते पाणी झुरळांपर्यंत पोचेतो कोमट होतं, आणि प्लॅस्टिकच्या पाइपाचे सांधे मात्र सैल होतात.

ह्याची मादी अंड्यांची डबी जवळ बाळगत नाही. एक-दोन दिवसांत माळ्यावर, रद्दीत, कपाटामागे कुठेतरी चिकटवून मोकळी होते. गडद तपकिरी, आठ मिलिमीटरची, आत साधारण १४ ते १६ अंडी. साफसफाईत दिसली तर झाडून कचऱ्यात टाकू नका, कागदात धरून चिरडा.

चपलेबद्दल एक शब्द. झुरळाच्या शेपटाकडे दोन टोकं असतात, त्यांवरच्या केसांना हवेची हालचाल कळते आणि सेकंदाच्या विसाव्या भागात ते पळायला लागतं. चपलेआधी चपलेचा वारा पोचतो. त्यापेक्षा फवाऱ्याच्या बाटलीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी ठेवा. झुरळ अंगाच्या दोन्ही कडांवरच्या छिद्रांनी श्वास घेतं. साबणाच्या पाण्याने ती छिद्रं बंद होतात आणि ते तिथेच मरतं. विष नाही, वास नाही. फक्त जेलच्या ठिपक्यांवर मारू नका.

तिसरी एक जात आहे, लहानाएवढीच, अंगावर फिकट आडवे पट्टे. ती ओलाव्यापासून लांब, सेट-टॉप बॉक्स, भिंतीवरची घड्याळं, फोटोंच्या मागे राहते. क्वचित भेटते. तिलाही जेलच, पण वरच्या उंचीवर.

तमालपत्र, लवंग, कापूर, काकडीची सालं: फार तर झुरळ बाजूच्या कप्प्यात जाईल. प्लगला लावायची आवाजाची यंत्रं: पैसे वाया. पाली झुरळं खातात खऱ्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. विषारी खडूच्या रेघा मला अजिबात आवडत नाहीत. तो फळ्याच्या खडूसारखाच दिसतो आणि मुलं हातात घेतात.

एकट्या घराने केलेला उपाय इमारतीत फार टिकत नाही, विशेषतः लहान झुरळाच्या बाबतीत, कारण वरच्या-खालच्या आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांचे पाइप एकाच डक्टमध्ये येतात. त्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात जेल लावलं तर फरक दिसतो. हे बोलायला अवघड जातं, कारण "तुमच्याकडून येतात" असं ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं. मी "आपल्या ओळीत आलीयत" असं म्हणते, काम होतं. सोसायटीचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर सेक्रेटरींनी एवढं विचारावं: जेल लावणार की नुसता फवारा, औषधाचं नाव काय, किती दिवसांनी परत येणार, आणि पावसाआधी चेंबरचं काम धरलंय का. व्यवसाय म्हणून कीटकनाशक वापरणाऱ्याला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, तो दाखवायला सांगण्यात काही गैर नाही.

दोन गोष्टींना मात्र दारातूनच परत पाठवा. डायक्लोरव्हॉस हे औषध भारतात २०२० च्या अखेरीपासून बंद आहे, तरी सुट्या बाटलीतून कुणी आणून देतं. आणि अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्या धान्याच्या गोदामासाठी आहेत. त्यांचा वायू फटींतून शेजारच्या घरात जातो आणि मुंबईत अशाने झोपेत माणसं दगावली आहेत. घरात मासे असतील तर पायरेथ्रॉइडच्या फवाऱ्याआधी टाकी झाका आणि हवेचा पंप बंद करा. मांजर असेल तर ह्या फवाऱ्यांपासून लांब ठेवा, तिच्या यकृताला ही औषधं नीट पचवता येत नाहीत. कुठलंही औषध पोटात गेल्याची शंका आली तर पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जा.

झुरळं मेली की काम संपत नाही. त्यांची विष्ठा, कात, मेलेले तुकडे धुळीत मिसळतात आणि दम्याच्या मुलांना त्यांचा त्रास होतो. अमेरिकेतल्या शहरी वस्तीतल्या मुलांवरचा १९९७ चा अभ्यास सांगतो की ज्यांना झुरळांची अॅलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीतल्या धुळीत ती अॅलर्जी उठवणाऱ्या झुरळांच्या द्रव्यांचं प्रमाण जास्त होतं, त्यांना दम्यासाठी इस्पितळात जास्त वेळा दाखल व्हावं लागलं. म्हणून कोरड्या झाडूने उडवू नका. तोंडाला मास्क, आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने ट्रॉलीचे कप्पे, फ्रिजची मागची बाजू, देव्हाऱ्याची पाठ पुसा. जेलचे ठिपके असलेली जागा वगळून.

मग चिकट पट्ट्या आणा, त्यावर तारीख लिहा आणि एक सिंकखाली, एक फ्रिजमागे, भिंतीला टेकवून ठेवा. पट्टी नको असेल तर काचेची बरणी, आत पावाचा तुकडा आणि तोंडाच्या आतल्या कडेला व्हॅसलीन. आत गेलेलं झुरळ वर चढू शकत नाही, सकाळी साबणाचं पाणी ओतायचं. दर आठवड्याला बघा. बिनपंखी पिल्लं अडकली तर वस्ती त्या पट्टीपासून हाताच्या अंतरावर आहे, तिथेच जेल द्या. लागोपाठ दोन-तीन महिने पट्टी कोरी निघाली तर जेल बंद करा, पट्टी मात्र राहू द्या.